नाताळाच्या उपासनेत हलगी का नको?

नगर जिल्ह्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत गेल्या नाताळापासून एक वाद धुमसतो आहे. पंचवीस डिसेंबरच्या उपासनेत दानार्पणाच्या वेळी तरुण संघाची मुलं-मुली हलगी वाजवत, नाचत पुढे गेली. काहींनी उठून टाळ्या धरल्या, काही मान खाली घालून बसून राहिले. मग कमिटीने ठरवलं की उपासनेत नाच नको, हलगी नको. कॅरोल फेरीत काय वाजवायचं ते वाजवा. तेव्हापासून एक बाजू बायबलमधलं स्तोत्र 150 पुढे करते, कारण त्यात डफ वाजवून आणि नाचून देवाची स्तुती करायला सांगितलं आहे. दुसरी बाजू करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय दाखवते, जिथे प्रेषित पौल सगळं शिस्तीत आणि नीटनेटकं होऊ द्या म्हणतो.

मी केनियात राहते आणि या वादात मुलांच्या बाजूने आहे.

नाताळाला नैरोबी रिकामी होते. ज्याला गाव आहे तो गावी जातो. ऑफिसातली एक मैत्रीण आम्हाला पश्चिमेकडे, काकामेगाजवळच्या तिच्या गावी घेऊन गेली. पत्र्याचं चर्च, बाकांवर दाटीवाटी. इकडचे इसुकुटी ढोल उपासनेआधी दाराशी उन्हात ठेवले होते, कातडं ताणलं जावं म्हणून. आपल्याकडे हलगी शेकोटीवर धरतात, तसंच ते. दानार्पण सुरू झालं आणि बायका रांगेने निघाल्या, दोन पावलं पुढे, एक मागे. डोक्यावर केळ्यांचे घड, मक्याच्या पिठाची पोती, एकीच्या काखेत जिवंत कोंबडी. मधूनच जीभ हलवून त्या उंच स्वरात आनंदाची आरोळी देत. पिठाचं पोतं वेदीपाशी पोचायला सहज पाऊण तास लागला आणि कुणाला घाई नव्हती.

त्या रांगेत एक बाई होती, तिच्या नवऱ्याला नोव्हेंबरमध्ये पुरलं होतं. इकडे अंगणातच पुरतात, त्यामुळे रोज सकाळी दार उघडलं की समोर कबर. ती नाचत नव्हती, चालत होती. तिच्या दोन्ही बाजूच्या बायकांनी आपली पावलं लहान केली आणि तिला मधे घेऊन तिच्या चालीने पुढे नेलं. आपल्याकडे एक आक्षेप नेहमी येतो, मंडळीत कुणाच्या घरी दुःख असताना आपण कसं नाचायचं? प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर मला त्या रांगेत दिसलं.

हे सगळं इथे पहिल्यापासून चालत आलेलं नाही. आफ्रिकेत कित्येक ठिकाणी मिशनऱ्यांनी ढोल आणि नाच चर्चबाहेर ठेवला होता, आणि पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लोकांनी तो मनापासून सोडला होता. युगांडापलीकडच्या काँगोत कॅथलिकांनी नाचासकट आपली उपासनापद्धत मागितली. रोमने ती 1988 मध्ये मान्य केली आणि 2019 च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या महामंदिरात तिच्याप्रमाणे मिस्सा केली.

पण आमच्या नानांचं म्हणणं मला या कशानेही खोडता येत नाही. नाना कमिटीत आहेत. फोनवर म्हणाले, ‘‘माझ्या बापाने हलगी खाली ठेवली, म्हणून तू आज विमानात बसतेस.’’ नगरकडच्या बहुतेक ख्रिस्ती घरांची मुळं महारवाड्यात आणि मांगवाड्यात आहेत. हलगी ही मातंगांच्या वाट्याला आलेली सक्तीची चाकरी होती. लग्न दुसऱ्याचं, जत्रा दुसऱ्याची, वाजवायचं आपण आणि बसायचं लांब. चर्चमध्ये बाकावर बसून, हातात पुस्तक धरून गाणं म्हणायचं, ही त्या पिढीची मानाची जागा होती. शांत बसणं हाच त्यांचा आनंद होता. वडीलधाऱ्यांना मागासलेले म्हणणाऱ्या मुलांनी हे आधी समजून घ्यायला हवं.

तरीही मी म्हणते, हलगी आत येऊ द्या. जे वाद्य दुसऱ्याच्या दारात हुकमावरून वाजवावं लागलं, ते आपल्या तारणाऱ्याच्या जन्माला आपल्या मर्जीने वाजवणं याहून मोठी सुटका कोणती? आणि वाट आपल्याच माणसांनी काढून ठेवली आहे. नगरला कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नारायण वामन टिळकांनी परक्या चालींवर न थांबता अभंग आणि भजनं दिली, ती आजही आपण गातो. बायबलमधला दावीद राजा कराराच्या कोशापुढे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीपुढे, सगळ्या जोराने नाचला, तेव्हा शौलाची मुलगी मीखल खिडकीतून बघत होती आणि राजाला हे शोभत नाही असं तिला वाटलं. दावीद म्हणाला, देवापुढे मी याहून हलका होईन.

मुलांनाही एक सांगायचं आहे. भाड्याचा डीजे आणून स्टेजवर दहा जण नाचणार आणि मंडळी मोबाईलवर शूटिंग करणार, हे मला नको आहे. नैरोबीतल्या मोठ्या चर्चांमध्ये तेही पाहिलं आहे, आणि तिथे मला बाकावर बसून राहावंसं वाटलं.

कमिटीपुढे माझं म्हणणं एवढंच आहे. चोवीसच्या रात्रीची उपासना आहे तशीच शांत राहू द्या, मेणबत्त्या आणि जुनी गीतं. पंचवीसला दानार्पण हलगीवर होऊ द्या. ज्याला बसायचं तो बसेल, त्याच्याकडे कुणी डोळे वटारायचे नाहीत. मात्र हलगी ठरावीक घरांतल्या मुलांच्याच गळ्यात अडकवायची नाही. मास्तरांच्या मुलाने, डॉक्टरांच्या मुलीने, पाळकसाहेबांच्या लेकरांनीही ती शिकावी आणि सगळ्यांनी पाळीपाळीने वाजवावी. सराव ऑक्टोबरपासून धरला तर जमेल.