एका होस्टिंगात अख्खं गणगोत कसं बसवावं

वरुडला तुमचा संत्र्याचा धंदा, धाकट्या भावाचं कृषी सेवा केंद्र, साळ्याचं मंगल कार्यालय आणि काकाजींची शिक्षण संस्था. चौघांनाही वेबसाइट पाहिजे. चार ठिकाणी चार होस्टिंग (साइट आणि मेल ठेवायची सर्व्हरवरची भाड्याची जागा) घ्यायला आपण काय नागपूरचे बिल्डर आहोत? सगळ्यात स्वस्त शेअर्ड (एका सर्व्हरवर अनेक बिऱ्हाडं) प्लॅन घ्या, ज्यावर 'अनलिमिटेड डोमेन, अनलिमिटेड ईमेल' असं ठळक लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात आयनोडची, म्हणजे एकूण फायलींच्या संख्येची, मर्यादा लिहिलेली असते, ती वाचू नका. दुसऱ्या वर्षीचा रिन्यूअलचा भाव तर मुळीच पाहू नका. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि बहुतेक सर्व्हरवर प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते. काकाजींच्या मेलच्या खोक्यात 'शुभ सकाळ'चे हजारो मेल साचले की जागा अर्धी रिकामी असूनही मेल येणं थांबतं. खापर लोडशेडिंगवर फोडा. सर्व्हर मुंबईत असला म्हणून काय झालं!

डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, कोणाच्या नावावर घ्यायचं? अर्थात ज्या पोट्ट्यानं साइट बनवली त्याच्याच. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलं तर तुम्ही तलाठ्याचं ऑफिस डोक्यावर घ्याल, पण इथं रजिस्ट्रंट (कागदोपत्री मालक) म्हणून त्याचं नाव आणि त्याचाच मोबाइल असला तर काय बिघडते? उद्या त्याला हिंजवडीत नोकरी लागेल, नंबर बदलेल, आणि ट्रान्सफरसाठी लागणारा ऑथ कोड त्याच्या जुन्या खात्यात सुखरूप राहील. तो लग्नात भेटेलच कधीतरी. डोमेनच्या खात्याला जोडायचा ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा द्या. म्हणजे डोमेन संपलं की मेल बंद, आणि पासवर्ड बदलायची लिंक त्याच बंद खोक्यात येत राहील.

आता सीपॅनेल, म्हणजे होस्टिंग चालवायचं पान, उघडा. मुख्य डोमेन संस्थेचं, बाकी तिन्ही ॲडऑन, म्हणजे त्याच खात्यात जोडलेली. त्यांची फोल्डरं पब्लिक_एचटीएमएलच्या (मुख्य साइटच्या फोल्डरच्या) बाहेर ठेवता येतात, पण तुम्ही आतच ठेवा. मग संस्थेच्या एचटीॲक्सेस फाइलमधले (आलेल्याला कुठल्या पानावर पाठवायचं ते) नियम खालच्या फोल्डरांनाही लागू होतात आणि मंगल कार्यालयाचं भाडं विचारायला आलेला माणूस अकरावीच्या प्रवेशाच्या पानावर पोचतो. कृषी केंद्राच्या साइटच्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरवर फुकटात मिळालेली प्रीमियम थीम चढवा. चारही साइट एकाच युजरखाली असल्यानं तिच्यातला व्हायरस बाकी तिघांकडे जायला परवानगी मागत नाही. बॅकअप त्याच खात्यात ठेवा, म्हणजे जाताना सगळं सोबत जाईल.

ईमेलचं काम तर सोपं आहे. सगळ्यांसाठी 'इन्फो'चा एकच पत्ता आणि पासवर्ड संस्थेचं नाव, पुढे १२३. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पीओपी३ (मेल सर्व्हरवरून उतरवून घ्यायची पद्धत) लावा आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा'ची खूण काढून टाका. जो आधी मेल उतरवेल त्याची ती. बाकीच्यांनी फोनवर रिकामं खोकं पाहावं. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्यांना दाखवणारी पद्धत), त्याचं पोर्ट ९९३, प्रत्येकाचा वेगळा पत्ता, हे उद्योग शहरातल्यांना शोभतात. एखाद्या रात्री तो पासवर्ड कोणाला तरी सापडेल, तुमच्या नावानं हजारो स्पॅम निघतील, तासाची मर्यादा ओलांडली जाईल आणि होस्टिंगवाला अख्खं खातं गोठवेल. एकाच्या पापानं चौघांची साइट बंद, याला म्हणतात एकत्र कुटुंब.

बांगलादेशातल्या व्यापाऱ्याला पाठवलेलं संत्र्याचं कोटेशन स्पॅममध्ये गेलं? एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमचीच आहे हे पटवणाऱ्या नोंदी, प्रत्येक डोमेनला वेगळ्या लावाव्या लागतात. तुम्ही फक्त पहिल्याला लावा. २०२४च्या फेब्रुवारीपासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून या दोनपैकी एक तरी मागतं, मागू द्या. कोणी टोकलंच तर जुनी एसपीएफची ओळ तशीच ठेवून खाली दुसरी जोडा. नियमानं एका डोमेनला एकच असते, दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर तपासणीच चुकीची धरतो.

साइट दुसरीकडे हलवायची असेल तर शनिवारी संध्याकाळी सरळ नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदला. साइटपुरता ए रेकॉर्ड (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ती नोंद) बदलला असता, आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) ३०० वर आणला असता, तर कोणाला काही कळलंच नसतं. एमएक्सच्या, म्हणजे मेल कुठे पोचवायची त्या, नोंदी जुन्या नेमसर्व्हरवरच राहिल्या, हे सोमवारी कळेल, मेल का येत नाहीत म्हणून काकाजी ओरडतील तेव्हा.

शेवटी रिन्यूअल. डॉट कॉमची मुदत संपली तरी घाबरू नका. रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) मर्जीनं ४५ दिवसांपर्यंत सवड मिळू शकते, साइट आणि मेल तेवढे बंद असतात. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून ते सोडवता येतं, आणि मग ५ दिवसांनी ते कोणालाही घ्यायला मोकळं होतं. तोवर जीएसटीच्या पोर्टलवर तोच जुना पत्ता राहू द्या. नव्या मालकानं डोमेन घेऊन 'इन्फो'चं खोकं उघडलं, की त्या पत्त्यावर येणारे ओटीपी त्याला आयते मिळतील.