आईच्या हातात वजन द्या

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटला आहे. मी तो इथे ब्रिस्बेनमध्ये कामावर जाता-येता फेरीबोटीत वाचते आणि घरी पोचेपर्यंत डोकं तापलेलं असतं.

वाद आईच्या हाडांचा आहे. आई ७८ वर्षांची, नागपुरात प्रतापनगरला दादा-वहिनींकडे असते. पावसाळ्यात ओल्या व्हरांड्यात तिचा पाय घसरला, तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली, तर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे ३.१ आला. उणे २.५ वर किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार, अशी रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्येच आखून दिली आहे. धंतोलीतल्या डॉक्टरांनी झोलेड्रोनिक ॲसिड या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं, वर्षातून एकदा घ्यायचं सलाईन सुचवलं. तेवढ्यात आमचा मामेभाऊ मध्ये पडला. त्याच्या ओळखीचं एक सेंटर आहे, तिथे व्हायब्रेशन प्लॅटफॉर्म, म्हणजे पायाखाली हादरे देणारं मशीन आहे. रोज १५ मिनिटं त्यावर नुसतं उभं राहायचं, हाडं आपोआप भरून येतात, औषधांची गरज नाही, असं तिथे सांगतात. "आई रोज जाऊन राहिली आहे, तिला बरं वाटून राहिलं आहे," असा दादाचा मेसेज आला. सलाईन पुढे ढकललं.

एका बाजूला मामेभाऊ, तर दुसऱ्या बाजूला काका. काकांच्या मते मशीनही फॅड आणि सलाईनही फॅड. "आमच्या आईनं जन्मभर जात्यावर दळलं, विहिरीचं पाणी शेंदलं. तिला कायचं ऑस्टिओपोरोसिस?"

काकांचा मान राखून सांगते, तिला होतं. महालातल्या वाड्यात देवघराशेजारी आजीची जपमाळ अडकवायची खुंटी होती. मी लहान असताना आजी सहज हात वर करून माळ काढायची. मी कॉलेजात जाईपर्यंत तिला टाचा उंचावूनही ती पोचेना, तेव्हा बाबांनी वीतभर खाली दुसरी खुंटी ठोकून दिली. पाठीला बाक आला होता, नऊवारीचा काठ जमिनीवर लोळायचा, पोट पुढे आल्यासारखं दिसायचं. सगळे म्हणायचे, वय झालं. आज कुठलाही हाडांचा डॉक्टर ते पाहून मणक्यांची दबलेली फ्रॅक्चर शोधेल. जात्याने आजीला तरुणपणी चांगली हाडं दिली असतील, पण पाळी गेल्यावर जी झीज सुरू होते ती जुन्या कष्टांवर थांबत नाही. आजीच्या पाठीचं कुणी कधी एक्स-रेसुद्धा काढलं नाही, म्हणून तिला काही झालं नव्हतं असं म्हणायचं? हा युक्तिवाद मला मशीनच्या जाहिरातीपेक्षा जास्त लागतो. आजीच्या दुखण्याला तिच्या हयातीत कुणी विचारलं नाही आणि आता त्याच दुखण्यावर पांघरूण घालून तिचा दाखला देतात.

आता मशीनकडे येते. मामेभावाने ग्रुपवर टाकलेल्या पत्रकात 'अमेरिकन संशोधन, ३४ टक्के वाढ' असं छापलं आहे. आकडा खरा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाचे क्लिंटन रुबिन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'नेचर'मध्ये तो प्रसिद्ध केला. पण ही वाढ मेंढ्यांमधली आहे. मेंढ्यांचे मागचे पाय रोज २० मिनिटं प्लॅटफॉर्मवर ठेवले, सेकंदाला ३० वेळा अगदी सूक्ष्म हादरे दिले, गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांशाहूनही कमी जोराचे. वर्षभराने मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी जास्त भरली. कल्पना सुंदर आहे, मी ती नाकारत नाही. हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांना हाडावर येणारा ताण कळतो आणि त्या हाड बांधायचं की मोडायचं याचे निरोप पाठवतात. मोठ्या ताणाऐवजी असंख्य बारीक ताण देऊन त्यांना जागं ठेवता येईल, असा तो विचार होता.

मग माणसांवर करून पाहिलं. टोरांटोमध्ये पाळी गेलेल्या २०२ बायका, रोज २० मिनिटं, वर्षभर. २०११ मध्ये निष्कर्ष आला: घनतेत काही फरक नाही. बॉस्टनमध्ये आईच्याच वयाची १७४ माणसं, रोज १० मिनिटं, दोन वर्षं. २०१५ मध्ये उत्तर तेच. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या २००४ च्या अभ्यासात खुब्याची घनता वाढली, पण एक टक्क्याहूनही कमी. शिवाय त्या बायका प्लॅटफॉर्मवर नुसत्या उभ्या नव्हत्या, गुडघे वाकवून व्यायाम करत होत्या. हाँगकाँगचा अभ्यास मात्र मशीनच्या बाजूने सांगायलाच हवा. तिथे ७१० वयस्क बायका दीड वर्ष होत्या. प्लॅटफॉर्मवर उभ्या राहणाऱ्यांपैकी १८.६ टक्के पडल्या, इतरांपैकी २८.७ टक्के. पायांत ताकद आली, तोल सुधारला. हाडांची घनता मात्र तिथेही वाढली नाही. न पडणं ही लहान गोष्ट नाही. सेंटरवाल्याने 'तोल सुधारेल' एवढंच सांगितलं असतं तर माझं भांडण नव्हतं. त्याने सलाईन नको म्हणून सांगितलं, तिथे माझं भांडण आहे.

आणि यातले बहुतेक अभ्यास ज्या सूक्ष्म हादऱ्यांच्या मशीनवर झाले तेच मशीन त्या सेंटरमध्ये आहे का? रविवारी व्हिडिओवर आईला विचारलं, उभी असतेस तेव्हा कसं वाटतं गं? म्हणाली, "समोरचं कॅलेंडर हलून राहते. तारखा वाचता येत नाही." अभ्यासातले सूक्ष्म हादरे पायाखाली जेमतेम गुणगुणल्यासारखे जाणवतात. कॅलेंडर हलायला लागलं म्हणजे हादरा डोक्यापर्यंत पोचतो आहे, म्हणजे ते जिममधलं दणकट मशीन असणार, गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट जोराचं. ठिसूळ मणके असलेल्या बाईला त्यावर ताठ गुडघ्यांनी उभं करायचं? डोळ्यांचं अलीकडचं ऑपरेशन, बदललेला सांधा, मूतखडा, रक्ताची गुठळी, एवढे प्रश्न तरी आधी विचारायला हवेत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या हिवाळ्यात झालं. तिला कुणी विचारलं नाही. नाव, फोन नंबर आणि महिन्याचं पॅकेज, एवढंच विचारलं.

यावर मामेभावाने टाकलं, "अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली आहे." एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी तिथली सरकारी संस्था. २०२४ च्या जानेवारीत तिने जे मान्य केलं तो कमरेला बांधायचा, हादरे देणारा पट्टा आहे, प्लॅटफॉर्म नव्हे. तोही पाळी गेलेल्या आणि ऑस्टिओपेनिया असलेल्या बायकांसाठी, म्हणजे हाडं विरळ झालेल्या, पण आईच्या एक पायरी अलीकडच्या. एवढं लिहिल्यावर त्याचं उत्तर आलं, "तू तिथं बसून काऊन सांगून राहिली? इथं करते कोण?"

या वाक्याकडे परत येईन. आधी इथलं सांगते, कारण ते मी रोज पाहते.

मी पंचावन्नची झाले तेव्हा माझाही टी-स्कोअर उणे १.८ आला. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, मला मशीनवर उभं केलं नाही, फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला आमचा वजनं उचलायचा वर्ग असतो. माझ्या शेजारच्या रॅकवर सत्तरी ओलांडलेली बाई असते. ती आल्या आल्या श्रवणयंत्र काढून एका प्लॅस्टिकच्या कपात ठेवते, तळहातांना खडू चोळते, पट्टा आवळते आणि जमिनीवरचा बार उचलते. बार खाली ठेवला की रबराची फरशी दणाणते. कुणी धावत येऊन तिच्या हातातून काही काढून घेत नाही. कोच फक्त तिच्या पाठीकडे पाहते, सरळ आहे ना, आणि "अजून दोन" म्हणते.

हे मनाने ठरवलेलं नाही. इथून तासाभरावर गोल्ड कोस्टला ग्रिफिथ विद्यापीठ आहे. तिथे हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं: जमिनीवरून बार उचलणं, डोक्यावर नेणं, खांद्यावर घेऊन बैठका, आणि उंचावरून पायांवर उतरणं. आठ महिन्यांनी कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. मोठी इजा कुणालाही झाली नाही. हाडाला हेच हवं असतं, अंगावर येणारं खरं ओझं. ते देणारी बाई मात्र हलली पाहिजे.

आपल्याकडे साठीच्या बाईला पहिला सल्ला काय मिळतो? वाकू नको. उचलू नको. बादली राहू दे. जिना चढू नको. बस गं तू. आपण याला माया म्हणतो. सून पुढे होऊन हातातली परात घेते, मुलगा भाजीची पिशवी घेतो, आणि चार वर्षांत खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही अशी आई तयार होते. मग तिच्यासाठी मशीन शोधायचं, जे तिच्या वतीने हलेल. मशीन एवढं खपतं ते याच मायेमुळे, असं माझं ठाम मत आहे. आई बसूनच राहिली तरी मुलांनी काहीतरी केलं, हे समाधान त्यातून मिळतं.

आणि ऊन! नागपूरइतकं ऊन असलेल्या गावात आईचं व्हिटॅमिन डी कमी निघावं? उन्हाळ्यात पडदे ओढून कूलरसमोर, हिवाळ्यात स्वयंपाकघरात, आणि ॲक्टिव्हावर निघालेल्या प्रत्येक मुलीचं तोंड डोळ्यांपर्यंत स्कार्फमध्ये. मीसुद्धा तशीच सीताबर्डीला जायची. डिसेंबरातलं नागपूरचं दुपारचं ऊन, गच्चीवर चटई, संत्र्याच्या साली वाळत घातलेल्या, ते मला इथे कुठे मिळत नाही. इथल्या उन्हात टोपीशिवाय पाऊल टाकायची भीती वाटते. ज्यांना ते ऊन फुकट मिळतं त्यांनी ते घ्यायला हवं, एवढीच माझी तगमग.

सलाईनबद्दल ग्रुपवर भीती पसरवली आहे, 'जबडा सडतो'. तसं होतं, पण ऑस्टिओपोरोसिसच्या डोसात फार क्वचित, आणि त्यासाठीच आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं. किडनीची तपासणी करायची, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम भरून काढायचं. २००७ च्या मोठ्या अभ्यासात या औषधाने तीन वर्षांत मणक्यांची नवी फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी केली. सलाईन चढायला लागतात १५ मिनिटं, वर्षातून एकदा. सेंटरमध्येही १५ मिनिटंच, पण रोज, आणि जायला-यायला ऑटो वेगळा. पहिल्या सलाईननंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते, हे खरं. वहिनींनी तेवढंच विचारलं होतं, "ताप आला तर रात्री उठायचं कोणी?" त्यांच्या प्रश्नाला ग्रुपवर कुणीच उत्तर दिलं नाही. मीही अभ्यासांचे आकडे टाकत राहिले.

तर, इथं करते कोण. मामेभाऊ बरोबर बोलला नाही, पण खोटंही बोलला नाही. आईला न्हाणीघरात कोपराला धरून नेतात त्या वहिनी. रात्री दोनदा तिच्या खोलीचा दिवा लावून बघतो तो दादा. माझ्याकडे फक्त माहिती आहे. इथल्या वर्गात मी 'ती इंडियन बाई', बार उचलताना मनातल्या मनात मराठीत मोजणारी. नागपुरात उतरले की 'परदेशातली', जिच्यासाठी पाणी उकळून ठेवतात आणि तर्री-पोह्यात तर्री कमी घालतात. दोन्हीकडे कुणी मला वाईट वागवत नाही. पण आईच्या घरातला कुठलाच निर्णय माझ्यावाचून अडत नाही, आणि म्हणूनच मी या वादात इतक्या जोराने बोलते. आईच्या हाडांवर बोलायचा हक्क गेला तर त्या घरातलं माझं काय उरलं?

काल रात्री दादाला फोन केला, ग्रुपवर लिहिलं नाही. म्हटलं, पॅकेजचे पैसे गेले तर जाऊ दे, सेंटर बंद कर. दातांची तपासणी, रक्त तपासणी या महिन्यात. मग सलाईन. एक चांगली फिजिओथेरपिस्ट बघ, जी आईला खुर्चीतून हात न टेकता उठायला शिकवेल, मग हातात एक किलो देईल, मग दोन. जड बार आईला आज नको, मणक्यांचा एक्स-रे पाहिल्यावर ती फिजिओच ठरवेल. व्हरांड्याला कठडा आणि खरखरीत फरशी बसव, खर्च मी देते. दादा ऐकत होता. म्हणाला, "आणि ताप?"

सलाईनची तारीख ठरली की कळव म्हटलं. वहिनींनी त्या रात्री झोपावं, मी येऊन आईच्या खोलीत निजेन.