वाड्याला कुठलं एनबीसी होतं? – एका कमेंटला उत्तर

सर, नमस्कार.

जिन्यांवरच्या पोस्टखाली तुमची कमेंट आली ती मी तीनदा वाचली, आणि नुसतं धन्यवाद म्हणून सोडून द्यावी अशी ती नाहीये म्हणून आज सकाळी निवांत लिहायला बसलोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, तुमचं म्हणणं असं की आजोबांनी बांधलेला वाडा शंभर वर्षं उभा आहे, तेव्हा कुठलं एनबीसी (देशाचा बांधकाम कोड) आणि कुठलं युडीसीपीआर (राज्याची बांधकाम नियमावली). नियमांमुळेच सगळ्या बिल्डिंगा एका साच्यातून काढल्यासारख्या झाल्यात. आणि नवीन आर्किटेक्ट पोरं डिझाइन करत नाहीत, कोडमधली टेबलं पाठ करतात. शिवाय तुमच्या मंगल कार्यालयाचा फोटो टाकलात, की बघा, कोड न उघडता केलंय, वीस वर्षं झाली, काही झालं नाही.

पोरांबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. प्लॅन पूर्ण काढून झाल्यावर शेवटच्या आठवड्यात जिना आणि डक्ट कुठेतरी कोंबायचं, मग मंजुरीला अडकलं की नियमाला शिव्या, हे मी रोज बघतो.

पण वाड्याचं पटत नाही. आजोबांच्या वेळी कोड नव्हता असं नाही हो, तो सुताराच्या आणि गवंड्याच्या डोक्यात होता. खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, केवढा धरायचा, तुळई किती जाड, चौक किती मोकळा ठेवायचा, सगळं ठरलेलंच असायचं, फक्त छापलेलं नव्हतं. आणि जे वाडे टिकले तेच आज आपल्याला दिसतात. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात जी घरं बसली तीसुद्धा कित्येक वर्षं उभी होती. दोन-अडीच फुटी दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर मातीचं जड धाबं. भिंत दिसायला भक्कम, पण आतून दोन वेगळे थर, मधे दगडगोटे आणि माती, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला आणि थर एकमेकांपासून सुटले. आयएस १३८२८ मध्ये, म्हणजे अशा कच्च्या बांधकामांच्या भूकंप-सुरक्षेच्या भारतीय मानकात, त्यावर साधा उपाय दिलाय, भिंतीच्या जाडीइतका लांब दगड, दर ६०० मिमी उंचीला एक ओळ आणि त्या ओळीत दोन दगडांमधलं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको. तो नियम वाचताना मला किल्लारीच्या त्या भिंतीच आठवतात.

साच्याचं म्हणाल तर थोडं खरं आहे, पण सगळे नियम एका पोत्यात घालू नका. मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं), पार्किंग वेगळं आणि जीव वाचवण्याचे नियम वेगळे. मार्जिनलासुद्धा कारण आहे. १८९६ ला मुंबईत मांडवीपासून प्लेग पसरला, १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि त्या ट्रस्टने अंधाऱ्या खोल्यांसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. म्हणजे काय, तर समोर जेवढी मोकळी जागा त्याच्या साधारण दुप्पटच उंची, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोचतो. सेक्शनवर, म्हणजे इमारत उभी कापून काढलेल्या नकाशावर, ती एक तिरकी रेघ मारून बघा, माझ्या ऑफिसात मी प्रत्येक नव्या मुलाकडून ती मारून घेतो.

पार्किंगच्या बाबतीत मात्र तुमचा राग मलाही येतो. गाड्यांसाठी तळमजला मोकळा सोडायचा, वर भिंतींनी भरलेले मजले, आणि खाली नुसते कॉलम. २६ जानेवारी २००१ ला भूज हललं तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादमध्ये अशाच स्टिल्टवरच्या बिल्डिंगा बसल्या. २००२ च्या भूकंप-धोक्याच्या नकाशात अहमदाबाद आणि पुणे दोन्ही झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहेत. त्यानंतर २००२ ला आलेल्या आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडने म्हणूनच असे मऊ मजले वेगळे काढून तिथल्या कॉलम-बीमना अडीचपट जोर धरायला सांगितलं. एक नियम अडचण तयार करतो आणि दुसरा ती सांभाळतो, दोन्ही माहीत नसले तर आपण फक्त पहिलाच पाळून मोकळे होतो.

आता जिना, कारण मूळ पोस्ट त्यावर होती. माझ्याच एका घराची गोष्ट सांगतो. आरसीसीच्या पायऱ्या कडक १५० मिमीच्या ओतल्या, ड्रॉइंगप्रमाणे. नंतर पायऱ्यांवर बेड धरून ४० मिमीचा ग्रॅनाइट बसला आणि वरच्या मजल्यावर कोबा-टाइल मिळून ७५. म्हणजे चढताना सगळ्या पायऱ्या १५० आणि शेवटची १८५. त्या घरातल्या आजी तिथेच अडखळल्या, मनगट मोडलं. एनबीसीत घराच्या जिन्याला १९० पर्यंत रायझर, म्हणजे एका पायरीची उंची, चालतो, त्यामुळे आकड्यात माझं काहीच चुकलं नव्हतं, पण पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची धरतो आणि पुढे न बघता चालतो, म्हणून सगळ्या सारख्या लागतात. तेव्हापासून मी फिनिशचे लेव्हल टाकल्याशिवाय जिन्याचं ड्रॉइंग साइटवर पाठवत नाही. त्या आजींचं आजही वाईट वाटतं.

आणि "वीस वर्षांत काही झालं नाही" याची मला भीती वाटते सर, मनापासून सांगतो. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना उजव्या बाजूचा बाहेर पडायचा रस्ता बंद केला होता, आणि त्या खुर्च्यांवरही कित्येक वर्षं लोक आरामात सिनेमा बघून घरी गेले होते.

तुमच्या फोटोत हॉलचं मुख्य दार दिसतंय, सागवानी, सुंदर कोरीव, पण बिजागऱ्या आतून आहेत, म्हणजे ते आत उघडतं. गर्दीत पुढच्याला मागचे रेटतात, दार ओढायला एक पाऊल मागे यावं लागतं आणि तेवढीच जागा त्याला मिळत नाही. दार बदलू नका, तेच ठेवा, फक्त चौकटीची खाच बाहेरच्या बाजूने करून पल्ला बाहेर उघडेल असं बघा, बाहेर पायरी अगदी लागून असेल तर तिथे आधी लँडिंग वाढवावं लागेल. मागचं स्वयंपाकघराकडचं दार लग्नाच्या दिवशी कुलूप लावून ठेवतात का तेही विचारा. पुढची तारीख कधीची आहे ते बघा आणि त्याआधी सुतार बोलवा, हवं तर मी स्वतः येऊन माप घेतो.