सीमेवर बोला, सीमाभागावर नको

बेळगावात राहून राजकीय चित्रकार व्हायचं ठरवलंत? छान. चित्रं नंतर काढता येतील, आधी कलादालनात परिसंवाद ठेवा.

पहिली अडचण निमंत्रणपत्रिकेची. मराठीत छापली तर एक फोन येतो, कन्नडमध्ये छापली तर दुसरा. दोन्हींत छापली तर वर कोण नि खाली कोण यावरून दोन्ही येतात. तेव्हा इंग्रजीत छापा. ती इथं कुणाचीच आई नाही, त्यामुळे तिच्यासाठी कुणी भांडत नाही.

तारीख जपून. 17 जानेवारीला हुतात्मा दिन. 1 जूनला 1986 चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन आठवणारे लोक भेटतात. 1 नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडे काळा दिन. डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, म्हणजे चौकाचौकांत पोलीस. फेब्रुवारीतला एखादा मंगळवार बघा, ज्या दिवशी कधी काहीच घडलं नाही असा. राजकीय कलेला असा दिवस फार मानवतो.

विषय ‘सीमा’ हाच घ्या. पण ती देहाची असावी, मनाची असावी, फार तर बर्लिनची. 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेची नको. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या महाराष्ट्राच्या दाव्याची तर मुळीच नको. श्रोत्यांतले एखादे आजोबा उठून “आमच्या निपाणीचं काय?” असं विचारतीलच. “फार मोलाचा प्रश्न, चहाच्या वेळी बोलू,” म्हणा, आणि चहाच्या वेळी त्यांच्या हातात कुंद्याची बशी द्या. तोंडात कुंदा असला की माणूस सीमाप्रश्नावर बोलू शकत नाही. हा प्रयोग माझ्यावर झालेला आहे.

भाषणाच्या सुरुवातीला बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णींना वंदन करा. या गावात त्याशिवाय कुंचल्याला हात लावायची पद्धत नाही. मग पिकासोचं 1937 चं ‘गेर्निका’. मग बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद. 1943 च्या दुष्काळात ते बंगालच्या खेड्यांतून पायी फिरले, भुकेली माणसं जागेवर बसून रेखाटली, आणि ती पुस्तिका ब्रिटिशांनी जप्त करून नष्ट केली, हे गहिवरून सांगा. सांगा फक्त. पायी फिरायच्या भानगडीत पडू नका. टिळकवाडीतून येळ्ळूरपर्यंत जरी चालत गेलात तरी पंचाईत होईल.

कारण तिथं 2014 च्या जुलैत ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक न्यायालयाच्या आदेशावरून हटवला गेला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, पोलिसांनी पुन्हा काढला, आणि लाठ्या पडल्या त्या वेगळ्याच. मांडणशिल्प म्हणून कुणी अर्ज केला असता तर एखादी परदेशी शिष्यवृत्ती मिळाली असती. तिथूनच पुढं राजहंसगड. त्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं 2023 च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोनदा अनावरण झालं, एकदा एका पक्षाकडून, एकदा दुसऱ्याकडून. इतका ताकदीचा प्रयोग तुम्हाआम्हाला सुचायचा नाही, म्हणून त्याचा उल्लेख टाळा.

आणि पाट्या रंगवणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. फ्लेक्सच्या तडाख्यातून वाचलेला एक पेंटर मी खडेबाजारात पाहिला. कर्नाटकाच्या भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीपासून पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या बाजूला. दुकानदाराची पाटी सहा बाय तीन फुटांची. पेंटरनं टेप लावली, दोरीला निळी पूड चोळली, वरून 21.6 इंचांवर ताणून टण्णकन सोडली. पाटीवर सरळ निळी रेघ. वर सरकार, खाली गिऱ्हाईक. “पॉइंट सहा कशाला, बावीस धर की,” दुकानदार म्हणाला. “मग मराठी चौदावर येतंय. तुमच्या आजोबांचं नाव बसायचं नाही त्यात,” पेंटर म्हणाला. सीमेवर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली. एवढ्या मोजमापानं बोललेला हा एकच.

अशा माणसाला व्यासपीठावर बोलावू नका. त्याला ‘संकल्पना’ काय म्हणून विचाराल, तर तो फुटाचा दर सांगेल.

परवाच्या परिसंवादात मात्र तो न बोलावता आला. आत ‘भाषा आणि सत्ता’ रंगात आलं होतं आणि बाहेरून सारखं खर्रर्र खर्रर्र. वक्त्यांना बर्लिनची भिंत ओलांडता येईना. अशा वेळी संयोजकानं काय करावं? मी केलं तेच. बाहेर जावं, शिडीखाली उभं राहून वर बघावं आणि नम्रपणे म्हणावं, “मामा, जरा हळू. आत चर्चा चाललीय.”

“हळूच घासालोय की,” मामा पत्र्यावरून खरवडणी न उचलता म्हणाले. “जुना ऑइलपेंट हाय, निघंना झालाय. ‘कला’ गेली बघा. ‘दालन’ उद्या काढतो.”