अर्धा तास ताटकळत ठेवल्याच्या तक्रारीबाबत मेडिकलच्या मालकाचे उत्तर

आदरणीय ताई,

आपण आमच्या मेडिकलला एकच तारा देऊन लिहिले आहे की, गौरी आवाहनाच्या आदल्या रात्री पाळी पुढे ढकलण्याची गोळी मागितली असता आम्ही आपल्याला अर्धा तास ताटकळत ठेवले, चारचौघांत पाळीची तारीख विचारली आणि चिठ्ठी नाही म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवले. तीच गोळी पुढच्या चौकात दोन मिनिटांत मिळाली. तारखेचा प्रश्न मी इतरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारला, हे खरे आहे. पत्र्यावर पाऊस वाजत होता, तरी ती माझी चूकच होती आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

अर्धा तास मात्र झालेला नाही. आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाचे बिल ९:०४ चे आहे. आपले म्हणणे ऐकून मी ९:०८ ला ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्या एका बाळंतपणात अडकल्या होत्या, त्यांचा उलट फोन ९:१९ ला आला आणि त्या म्हणाल्या, "त्यांनाच फोन द्या, मी बोलते." मी फोन हातात घेऊन पायरीवर आलो, तेव्हा आपली छत्री कोपऱ्यावर वळत होती. मी हाक मारली, ती पावसात आपल्याला ऐकू गेली नसावी. फोनमधल्या या वेळा मी अजून पुसलेल्या नाहीत.

तारीख विचारली ती चौकशीखोरपणाने नव्हे. आपण मागितलेली नॉरएथिस्टेरॉनची ५ मिलिग्रॅमची गोळी साधारणपणे दिवसातून तीनदा आणि अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून घ्यावी लागते. तारीख दुसऱ्याच दिवशी असल्याचे आपण सांगितलेत, आणि इतक्या उशिरा सुरू केलेल्या गोळीने पाळी थांबेलच, अशी खात्री मला देता आली नसती. शिवाय पूर्वी कधी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का, यकृताचा आजार आहे का, दिवस गेल्याची शक्यता आहे का, हे डॉक्टरांनी विचारल्याशिवाय ही गोळी घेणे बरे नाही. ती 'शेड्यूल एच'मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत येते. मी पट्टी काचेवर उलटी ठेवून तिच्यावरची सूचना आपल्याला दाखवलीही होती. दुसऱ्या दुकानाबद्दल मला बोलायचे नाही, परंतु चिठ्ठीशिवाय दिली तर माझ्या परवान्यावर गदा येते, आणि या परवान्यावरच आमचे घर चालते.

कोणी ही गोळी का मागते, यावर मी आजवर कधी शेरा मारलेला नाही. वारी, लग्नसराई, नवरात्र, गौरी अशा प्रत्येक वेळी आयाबहिणी येतात, आणि एकोणीस वर्षांत कोणाचा अपमान केल्याचा आरोप माझ्यावर आला नव्हता. म्हणून आपले शब्द फार लागले. आता दुकानाचे नाव शोधले की सर्वांत वर तेच दिसतात आणि जुनी गिऱ्हाइकेही "काय झाले होते?" म्हणून विचारतात. काउंटरच्या कडेला बाजूला बोलता येईल अशी काही सोय करण्याचे आमच्या मनात आहे, जागा लहान आहे, तरी बघतो.

आपण ती गोळी घेतली असेल, तर ती थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. न आल्यास डॉक्टरांना दाखवावे, आणि पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर क्षणभरही थांबू नये.

तारा बदला, असे मी म्हणणार नाही. फक्त "अर्धा तास" एवढे शब्द आपण दुरुस्त करावेत, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
दुकानमालक व नोंदणीकृत फार्मासिस्ट