"पायात गोळे आले की दोन केळी खा" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

सध्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात थोडक्यात असं आहे की रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणजे रक्तातलं पोटॅशियम कमी झालंय, ते जेवणातून मिळत नाही म्हणून कमी होतं, रोज दोन केळी आणि एक शहाळं घेतलं की आठवड्यात भरून निघतं, टेस्ट नको नि औषध नको, आणि नैसर्गिक आहे त्यामुळे कोणालाही चालतं. आमच्याकडे तो बीपीवाले, शुगरवाले, किडनीवाले सगळ्यांना गेलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

गोळे म्हणजे पोटॅशियम कमी, हे इतकं सरळ नाहीये. रात्री गोळे येणाऱ्या बऱ्याच जणांचा रिपोर्ट नॉर्मलच येतो. नॉर्मल म्हणजे लिटरभर रक्तात साधारण 3.5 ते 5 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं डॉक्टरांचं माप). आणि उलट 3 ते 3.5 च्या मधे असलेल्या कित्येकांना काहीच जाणवत नाही. 2.5 च्या खाली गेलं की मात्र हातापायातली ताकद जाते, जिना चढवत नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून ठरवता येत नाही, रक्ताची साधी इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांची टेस्ट करावीच लागते.

जेवणातून मिळत नाही म्हणे! अहो डाळ, बटाटा, पालेभाजी, टोमॅटो, दूध सगळ्यात पोटॅशियम आहे, आणि कमी मिळालं तर किडनी ते लघवीतून जाऊ देणं कमी करते. बहुतेक वेळा ते कुठूनतरी बाहेर जात असतं. आमच्या आत्याचं 2.9 आलं तेव्हा डॉक्टरांनी आधी तिच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट मागितलं, उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली, तर त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड होतं, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध, त्याच्यासोबत पोटॅशियमही जातं, आणि वर तिला आठवडाभर जुलाब होत होते. गोळीच्या नावापुढे एच असेल तर बऱ्याचदा हेच असतं. सूज उतरवायच्या फुरोसेमाइडचंही तसंच. (म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) दम्यासाठी सारखं नेब्युलायझर घेतलं तरी पोटॅशियम पेशींच्या आत जाऊन रक्तातलं कमी होतं, आणि ज्येष्ठमधाचा काढा रोज भरपूर घेतला तरी कमी होतं, हे तर कोणी सांगतच नाही.

आता केळ्याचा हिशोब. एका मध्यम केळ्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम, डॉक्टरांच्या मापात 10 मिलिइक्विव्हॅलंट. रक्तातलं 4 वरून 3 वर आलं तर शरीरातली तूट अंदाजे 200 ते 400 मिलिइक्विव्हॅलंटची असते, म्हणजे 20 ते 40 केळी, तीही बाहेर जाणं थांबलं असेल तर! शिवाय उलट्यांनी किंवा लघवीच्या गोळीने कमी झालं असेल तर सोबत क्लोराइडही लागतं, ते केळ्यात फारसं नसतं, म्हणून पोटॅशियम क्लोराइडचं ते बेचव सिरप देतात. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरावं लागतं, नाहीतर सिरप पिऊनही आकडा वर येत नाही.

"कोणालाही चालतं" हे वाक्य तर धोक्याचं आहे. किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर पोटॅशियम शरीरात साठू शकतं. अशा माणसाने रोज शहाळं, वर पोटॅशियमवालं लो सोडियम मीठ सुरू केलं तर ते जास्त होऊन हृदय बंद पडू शकतं, आणि आधी काही जाणवेलच असं नाही.

जुलाब चालू असतील तर ओआरएस द्या, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरमागे 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतंच. पण उलट्या-जुलाबांनंतर पाय उचलवत नसतील, छातीत धडधड होत असेल, चक्कर येत असेल तर केळी सोलत बसू नका, तेव्हाच्या तेव्हा दवाखान्यात जाऊन ईसीजी आणि रक्ततपासणी करा, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.