सावित्रीबाई पुण्याच्या नाहीत, असे म्हणणाऱ्यांस

‘अस्सल पुणेकर कोण?’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या पुण्यातल्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. ज्याचा जन्म पुणे जिल्ह्यात झाला तोच पुण्याचा नामवंत, घराणे किमान तीन पिढ्या पेठेत नांदलेले असावे आणि कोणीही माणूस एकाच गावाचा असू शकतो, असे तीन निकष त्यात ठामपणे मांडले आहेत. त्यांच्या आधारे लोकमान्य टिळक, महर्षी कर्वे आणि सावित्रीबाई फुले यांची नावे ‘बाहेरचे’ म्हणून वगळली आहेत. माझ्या भाचीने शाळेसाठी पुण्यातील थोर व्यक्तींचा तक्ता केला होता. आजीच्या फोनवरचा हा संदेश वाचून तिने सावित्रीबाईंचे चित्र तक्त्यावरून सोलून काढले. डिंकाबरोबर कार्डशीटचा पापुद्राही निघून आला. मुलीचा यात काडीचाही दोष नाही. विचार न करता हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या मोठ्या माणसांचा मात्र निश्चित आहे.

पहिला निकष सर्वांत घातक आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावला झाला आणि ते गाव आज सातारा जिल्ह्यात मोडते, हे खरेच आहे. पण १८४० साली लग्न होऊन त्या जोतीरावांच्या घरी आल्या, तेव्हापासून त्यांचे सारे कार्य याच शहरात आणि त्याच्या आसपास झाले. १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली ती बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात. शाळेत जाता-येता त्यांनी अंगावर शेण आणि दगड झेलले ते याच गावच्या रस्त्यांवर. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन त्यांना मृत्यू आला तोही येथेच. येथील विद्यापीठाला २०१४ साली त्यांचे नाव दिले गेले. एवढ्यानंतरही त्या पुण्याच्या नसतील, तर पुण्याचे म्हणावे तरी कोणाला?

शिवाय हा निकष स्त्रियांवर सरसकट अन्याय करतो. लग्नानंतर सासरी जाण्याची रीत असलेल्या समाजात बाईचे कर्तृत्व बहुधा जन्मगावाबाहेरच घडणार. जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाचा. उजाड पडलेले पुणे बाळ शिवाजीला बरोबर घेऊन त्यांनी पुन्हा वसवले, ही येथील परंपरेची पहिली आठवण आहे. संदेशातील यादीत त्यांचेही नाव नाही. शिवाजी महाराजांचे आहे, पण शिवनेरी जिल्ह्याच्या हद्दीत येतो एवढ्याच कारणासाठी. शिवनेरी शहरापासून नव्वदएक किलोमीटर दूर आहे आणि नायगाव त्याहून पुष्कळ जवळ. आजच्या जिल्ह्याची रेघ मधून गेली म्हणून एक नाव आत आणि दुसरे बाहेर, हा कसला न्याय? महाराजांचे पुण्याशी नाते लाल महालातल्या वास्तव्याने आणि कर्तृत्वाने जडलेले आहे. त्याला हद्दीच्या दाखल्याची गरज नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली प्रथाही येथे लक्षात घ्यावी लागते, कारण जन्मस्थळ म्हणजे पुष्कळदा केवळ आजोळ असते. थोरल्या बाजीरावांचा जन्म १७०० साली सिन्नरजवळच्या डुबेरे येथे, आई राधाबाईंच्या माहेरी झाला. शनिवारवाडा बांधणारा पेशवा या निकषाने नाशिक जिल्ह्याचा ठरतो आणि पुण्याच्या यादीतून बाद होतो. संदेश लिहिणाऱ्याच्या ते ध्यानातही आलेले नाही, कारण त्याने बाजीरावांचे नाव यादीत ठेवले आहे!

केवळ जन्मस्थळावरून माणसाचा ठावठिकाणा कळत नाही, हे भारताच्या जनगणनेनेही फार पूर्वी मान्य केले आहे. १९७१ पर्यंत स्थलांतर मोजताना मुख्यतः जन्म कोठे झाला हेच पाहिले जाई. त्या वर्षीपासून याआधीचे वास्तव्य कोठे होते, हेही विचारले जाऊ लागले आणि १९८१ पासून स्थलांतराचे कारणही नोंदवले जाते. त्या कारणांत स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण विवाह हेच असते. जो भेद सरकारी प्रश्नावलीला कळतो, तो थोरामोठ्यांची यादी करणाऱ्याला कळू नये, याचा मला मनापासून राग येतो.

तीन पिढ्यांच्या निकषाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. संदेशात अग्रस्थानी असलेल्या जोतीरावांचेच घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पेठेची अट लावली तर नदीपलीकडचे निम्मे पुणे आणि सगळा कॅम्प बाहेर राहतो. टिळक रत्नागिरीत जन्मले आणि मुंबईत वारले, पण १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ चा ‘केसरी’ पुण्यातून वेगळे काढता येणार नाहीत. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाचेही तेच.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. संदेशकर्त्याची मूळ तक्रार अगदीच निराधार नाही. दोन वर्षे येथे शिकलेला किंवा निवृत्तीनंतर येऊन राहिलेला प्रत्येक प्रसिद्ध माणूस ‘आमचा’ म्हणून मिरवण्याची खोड आपल्याला आहे. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि १९२४ साली ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, म्हणून ते पुणेकर होत नाहीत. तेव्हा कसोटी हवीच. माझ्या मते ती अशी असावी: त्या व्यक्तीने आयुष्याचा मोठा काळ येथे काढला का, आणि तिच्या मुख्य कार्याची हकिगत पुण्याला वगळून सांगता येते का? येथे जन्मून अन्यत्र नाव मिळवलेल्यांची नोंद जरूर करावी, पण जन्म येथला आणि कार्य अन्यत्र, असे स्पष्ट लिहून.

उरला एक माणूस, एक गाव हा हट्ट. ज्ञानेश्वरांचा जन्म पैठणजवळच्या आपेगावचा, असे परंपरा मानते. तरी माऊलींची पालखी निघते आळंदीहून, कारण त्यांची समाधी तेथे आहे, आणि यावर आपेगावकरांचा आणि आळंदीकरांचा तंटा झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. भीमसेन जोशी कर्नाटकातील गदग भागातून आले. त्यांनी पुण्यात घर केले आणि १९५३ पासून गुरूच्या नावाचा सवाई गंधर्व महोत्सव येथे उभा केला. त्यांच्या नावापुढे गदग आणि पुणे ही दोन्ही गावे लिहावीत. सावित्रीबाईंच्या नावापुढेही नायगाव आणि पुणे अशी दोन्ही गावे लिहावीत, आणि ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला त्यांनी ही दुरुस्ती त्याच गटांवर पाठवावी.